नावं ठेवणारं माणूस

"छान आहे," सासूबाई म्हणाल्या आणि सून हिरमुसली.

म्हाताऱ्या माणसांना हातात धरून आपले आपण खांदे रगडता यावेत, असं हे छोटं मसाजचं यंत्र तिनं आठ महिने खपून तयार केलं होतं. संध्याकाळी त्याच्या साच्याचं काम सुरू व्हायचं होतं. एकदा साच्याचं पोलाद कापलं की संपलं, मग फेरफार नाही. मागच्या आठवड्यात तिनं नऊ आजी-आजोबांना नमुने वापरायला दिले होते. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. पण यंत्रं परत आली तेव्हा बॅटऱ्या जशाच्या तशा भरलेल्या. कुणी दोन मिनिटंसुद्धा वापरलं नव्हतं! काहीतरी चुकलंय हे नक्की, पण काय ते कुणी सांगेना. भली माणसं बिचारी, पोरीचं मन कशाला दुखवा म्हणून गोड बोलून मोकळी झाली.

शेवटी तिनं हुकमाचा एक्का काढला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिनं घडी घातलेल्या चादरीपासून ते ठोकलेल्या खिळ्यापर्यंत एकही गोष्ट सासूबाईंच्या तावडीतून सुटली नव्हती. त्या बोलू लागल्या की सून काहीतरी निमित्त काढून काढता पाय घ्यायची. आज तिनंच त्यांना गाडीत घालून ऑफिसात आणलं होतं.

आणि सासूबाई काय करत होत्या? साहेब, साचेवाला आणि दोन इंजिनियर टक लावून बघत असताना साखर पेरत होत्या. वजन म्हणे बेताचं आहे. रंग सुरेख. आमच्या सुनेचं काम म्हणजे बघायलाच नको. साहेब खूश झाले. साचेवाला घड्याळ बघत उठला. सुनेला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. घरी चमचा तिरका ठेवलेला ज्यांना खपत नाही, त्यांना आजच बरा सगळा आनंदीआनंद दिसला!

तिनं सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि सासूबाईंपुढे हात जोडले. काही म्हणजे काहीच खटकलं नाही का, असं काकुळतीनं विचारलं.

"ढीगभर खटकलं," सासूबाई म्हणाल्या. "पण परक्यांसमोर मी माझ्या माणसाला नावं ठेवत नाही. आधी ते दार लाव."

सून दार लावायला गेली ती तिथंच थबकली. माझ्या माणसाला! म्हणजे अकरा वर्षं घराबाहेर ही बाई आपलं कौतुकच करत हिंडत होती की काय? तिला इतका आनंद झाला की वही उघडली तीसुद्धा उलटी.

मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. बटण इतकं सपाट की अंगठ्याला सापडतच नाही. ते तीन सेकंद दाबून धरायचं म्हणे. बोटांत तेवढा जोर असता तर यंत्र कशाला लागलं असतं? चुकून चालू झालंच, तर बंद करायचं कसं? आपल्याला जमलं नाही, हे म्हातारं माणूस कधी कबूल करत नसतं, ते गुपचूप कपाटात ठेवून देतं. दांडा गुळगुळीत, तेलाचा हात लागला की निसटलाच. सून भराभर लिहीत होती. साचेवाल्यानं दार ठोठावलं, तेव्हा आजचं काम थांबवा, असं तिनं आतूनच सांगून टाकलं.

सासूबाई दम घ्यायला थांबल्या. सुनेनं पान उलटलं, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपणहून विचारलं,

"आई, आणखी काय काय चुकलंय माझं?"