कॉम्प्युटरचा छळ

सुनेनं सकाळपासून त्या जुनाट कॉम्प्युटरचा छळ मांडला होता. एकावर एक खिडक्या उघडायच्या, गाणी लावायची, माऊस गरागरा फिरवायचा. हे गेले आणि वर्षभरात ह्यांच्या धातू कापायच्या मिलिंग मशीनचा कंट्रोल जळला. लोखंड अजून धडधाकट, पण चालवणारं डोकंच गेलं. आता म्हणे हा कॉम्प्युटर ते चालवणार, कुठल्याशा फुकटच्या प्रोग्रॅमवर. मी मात्र भंगारवाल्याला उद्या टेम्पो घेऊन यायला सांगून बसले होते.

"अगं, जुनं खोड ते. किती पिळशील?"

"पिळूनच बघावं लागतं, आई. कितीही कामं अंगावर टाकली तरी मशीनला त्याचा हुकूम वेळेवर गेला पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी कटर मोडेल. पडद्यावरचा हा उशिराचा आकडा वाढला, तर तुमचंच खरं. मशीन भंगारात."

"सरक बाजूला," मी म्हटलं. "छळ कसा करतात ते तू मला शिकवू नकोस."

तासभर मी त्याला श्वास घेऊ दिला नाही. दिसेल ते बटण दाबलं, तीन सिनेमे एकदम लावले. सून नखं खात मागे उभी. आकडा जागचा हलला नाही.

मी चष्मा काढला.

"भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळव. आणि मशीनवर कारागीर शोधत बसू नकोस, तूच उभी राहा. हा माझ्या हाताखाली तासभर टिकलाय. तू बारा वर्षं टिकलीस."