सहा ते सात

"हे बघा. सहा ते सात. रोज!" कर्टिसने पडद्यावरच्या आलेखातल्या हिरव्या डोंगरावर बोट टेकवलं.

वाचनालयाच्या प्रमुख मार्लीनबाईंनी चष्मा सावरला. इंटरनेट रांगतंय म्हणून लोक महिनाभर त्यांचं डोकं खात होते. शेवटी तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कर्टिसने एका जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेटची रहदारी मोजणारी यंत्रणा बसवली. बाहेरच्या लाइनवरून किती माल आला-गेला ते ती दर पाच मिनिटांनी मोजायची आणि आलेख काढायची. माल कोणी ओढला ते मात्र त्यात दिसत नव्हतं. दोन आठवडे स्वारी त्या आलेखावर भलतीच खूश होती.

"पण लोक तर दुपारी ओरडतात," मार्लीनबाई म्हणाल्या.

"लोकांना काय कळतंय? मोजमाप बघा ना. पाचला आपण बंद करतो. सहाला आत कोण असतं?"

ऑरेस्ट असायचे. चौदा वर्षं तिथली फरशी पुसणारे, एकोणसत्तर वर्षांचे ऑरेस्ट.

त्यांना बोलावलं. टोपी हातात धरून ते आलेखासमोर उभे राहिले.

"कोणते पिक्चर बघता आजोबा?" कर्टिस म्हणाला. "आम्हालाही सांगा की."

ऑरेस्ट हसले नाहीत. "सहा ते सात?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा, "नक्की सहा ते सात?"

"यंत्र आहे ते. खोटं कशाला बोलेल?"

ऑरेस्टनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. मार्लीनबाई "अहो, थांबा, एवढं काही नाही," म्हणत राहिल्या, पण ते थांबले नाहीत. जाताना खिडकीजवळच्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवरून एक विणलेली उशी उचलून त्यांनी काखोटीला मारली. ती कोणाची, याचा कोणी कधी विचार केला नव्हता.

हे झालं बुधवारी. शुक्रवारी कर्टिसने आलेख उघडला, तर गुरुवारचा डोंगर जागच्या जागी. सहा ते सात. आणि गुरुवारी पाचनंतर इमारतीला कुलूप होतं.

त्याने सगळं तपासलं. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बसवताना यंत्रणेने विचारलं होतं, घड्याळ कुठलं लावू? त्याने घाईत न वाचताच पुढचं बटण दाबलं होतं. तेव्हापासून ती ग्रिनिचच्या वेळेने चालत होती, कॅनडातल्या सॅस्काचेवानच्या सहा तास पुढे. आलेखातले सहा म्हणजे इथले दुपारचे बारा.

बारा ते एक कर्टिसची जेवणाची सुट्टी. एका हातात सँडविच, आणि समोर ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर बर्फावरच्या कर्लिंगच्या खेळाचे सामने, सगळ्यात सुस्पष्ट चित्रात. चित्र अडकलं की इंटरनेटला शिव्या घालणाऱ्यांत तोच पुढे असायचा.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्लीनबाईंना सगळं सांगून टाकताना त्याची मान वर झाली नाही. त्यांनी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, बस.

ऑरेस्टच्या दारात त्याने बर्फाचे बूट काढले. स्वयंपाकघरात त्यांची बायको नेट्टी पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, कडा दाबत बसली होती. खाली तीच विणलेली उशी.

"मी होतो तो," कर्टिस म्हणाला. "घड्याळ चुकलं होतं. तुम्ही नव्हताच."

"मी नव्हतो ते मला माहीत होतं रे." ऑरेस्टचा आवाज खाली आला. "मला वाटलं, ही असेल. हल्ली हिच्या ध्यानात राहत नाही काही. घरी एकटी कशी ठेवू? संध्याकाळी वाचनालयात सोबत न्यायचो. मी वरचा मजला पुसेपर्यंत खिडकीपाशी बसायची. सहा ते सात."

कर्टिसने किल्ल्या पुढे केल्या. त्या त्यांनी घेतल्या नाहीत.

"त्या दिवशी घरी येऊन हिच्यावर ओरडलो मी. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. रडली खूप. कशाला हात लावलास ते विचारत होतो, आणि ही नुसती माफी मागत होती."

कर्टिस नेट्टीकडे वळला. "मी... मी त्यांची माफी मागू का?"

नेट्टीने पिठाचा हात उंचावला आणि ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघून गोड हसली.

"कशाची मागशील, पोरा?" ऑरेस्ट म्हणाले. "ती विसरली. आठवायला आता आपण दोघंच उरलो."