प्रेमलाल मिस्त्रींचा कार्बोरेटर

लिलाव पुकारणाऱ्या धर्मेंद्रने कार्बोरेटर डोक्याच्या वर धरला. "बोलो भाई, इसे कौन लेगा?"

बैहर रोडवरच्या गॅरेजसमोर वीस-पंचवीस माणसं उभी होती. प्रेमलाल मिस्त्रींना जाऊन दोन महिने झाले होते. जागा रिकामी करून द्यायची, म्हणून त्यांच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, सगळं सामान लिलावात काढलं होतं. त्या शटरजवळ स्टुलावर बसून एकेक वस्तू जाताना बघत होत्या.

नंदकिशोर टाचा उंचावून बघू लागला. त्याची एक्कावन्न सालची मॉरिस गाडी चार वर्षं घरी विटांवर उभी होती, ती नेमकी याच एका भागासाठी. जबलपूर, रायपूर, नागपूर, सगळं पालथं घालून झालं होतं.

शेजारी गोंदियाहून आलेला पवन पुढे सरकला. जुन्या गाड्यांचे भाग विकणं हा त्याचा धंदाच.

"साहब, पहले आप देख लो," धर्मेंद्र म्हणाला. "इंजिनिअर आदमी हो."

नंदकिशोरने तो उन्हात धरला. आतून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

"तडा गेलाय," तो म्हणाला. "आतल्या बाजूने. वितळवायच्या कामाचा आहे."

पवन मागे झाला. दुसऱ्या कुणाची बोली आलीच नाही. भंगाराच्या भावात कार्बोरेटर नंदकिशोरच्या पिशवीत गेला.

तो स्कूटरपर्यंत पोचला, तेवढ्यात अनुसयाबाई मागून आल्या.

"साहेब, खरंच तडा आहे का जी?"

"आहे."

"ते तं म्हनत, एकदम साबूत आहे, जाणकार मानूस येईन तवाच देजो. आठ वर्सं फडक्यात बांधून ठेवलं त्यायनं. दर महिन्याले तेल लावत." त्या थांबल्या. "त्यायले दिसलं नसन. शेवटी शेवटी नजर कमी झालती."

नंदकिशोर स्कूटरच्या आरशाकडे बघत राहिला. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला.

अनुसयाबाईंनी मूठ उघडली आणि त्याने दिलेल्या नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. "हे घ्या. फुटक्या मालाचे पैसे आमच्या दुकानात कधी घेतले नाही."

"अहो, पण दुकान तर बंदच होतंय ना?"

"हौ. म्हनूनच."

त्या वळल्या. नंदकिशोर त्यांच्यामागे दोन पावलं गेला.

"ताई," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच जेमतेम ऐकू आला. "तडा नाही त्याला. मी खोटं बोललो. पवनने बोली लावू नये म्हणून."

त्या रागावतील असं त्याला वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मले सांगून काय होते?" त्या म्हणाल्या. "त्या सगळ्यायनं आयकलं. मिस्त्रीले फुटकं अन् साबूत कळत नव्हतं, असं म्हनतीन आता. त्यायले सांगा."

गॅरेजसमोर आता लोखंड पकडायचा शिकंजा लिलावाला निघाला होता. बोल्या चढत होत्या, हसणं चाललं होतं. नंदकिशोर पिशवी घेऊन गर्दीत शिरला. पवन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. धर्मेंद्रच्या आवाजाच्या वर आपला आवाज कसा जाणार, ते त्याला कळेना. त्याने हात वर केला.

"ये लो, साहब की बोली आ गई," धर्मेंद्र म्हणाला. "और कोई?"

सगळे वळून त्याच्याकडे बघू लागले. त्याने पिशवीतला कार्बोरेटर काढून डोक्याच्या वर धरला.