पाठमोरा गायक

हर्षने पुन्हा ओळ आधीच उचलली. गुरुराज गिटारीवर अजून मागच्याच वळणावर होता. मागे पवनकुमारचा ड्रम अडखळला आणि गाणं भर मंचावर कोसळलं. कॉलेजची पोरं आधी हसली, मग उठून कँटीनकडे निघाली.

वर्षभरापूर्वी हीच पोरं 'ग्रॅनाइट फोर्ट'साठी खुर्च्यांवर उभी राहायची. हा हेवी मेटल बँड गुरुराजने उभा केला होता. देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या तटावर बसून नावही त्यानेच ठेवलं होतं. बँकेतली नोकरी चालून आली तीसुद्धा त्याने बँडपायी नाकारली. आता बँड बुडाला तर त्याच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

मंचामागे हर्ष त्याच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "अण्णा, तुमच्या गिटारीपुढे माझा आवाज पोचतच नाही. स्वल्प कमी करा ना."

"आधी घसा मोकळा सोड," गुरुराज म्हणाला. "अजिंक्यची कधी असली रड नव्हती."

नाव तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच टोचलं. अजिंक्यला काढलं होतं त्यानेच. आवाज खणखणीत, पण खोड एक वाईट: तो प्रेक्षकांकडे पाठ करून गायचा. गुरुराजसमोर उभा राहून, फळीवर पाय आपटत, मान हलवत. फोटोत नुसती त्याची पाठ यायची. आयोजक कुरकुरायचे. लोकांकडे तोंड करून गा, असं गुरुराजने त्याला किती वेळा बजावलं.

"मग तुझ्याकडे कोण बघणार?" अजिंक्य म्हणाला होता.

एवढा माज गुरुराजला खपला नाही. त्याने देखण्या हर्षला आणलं. अजिंक्य भांडला नाही. माइकची वायर नीट गुंडाळून ठेवली आणि निघून गेला.

तेव्हापासून घसरण लागली ती लागलीच. कधी हर्ष लवकर, कधी पवनकुमार उशिरा. गुरुराजने अँप्लिफायर वाढवून पाहिला, माइक बदलून पाहिले. कार्यक्रम गळत गेले. मल्लेश्वरमच्या घरी मागच्या खोलीत तो दिवसभर एकटाच सराव करत बसे. शेवटी आई आत येऊन त्याचा खांदा हलवायची.

"कुकर बंद कर म्हणाले होते रे. शिट्ट्या होऊन होऊन भात करपला. सगळा जीव त्या गिटारीत!"

त्या कॉलेजच्या कार्यक्रमानंतर पवनकुमारनेही हात टेकले. "गुरू, आता पुरे," एवढंच म्हणाला. गुरुराज हबकलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमान गिळून तो अजिंक्यच्या घरी गेला.

अजिंक्य स्वयंपाकघरात ओट्याशी कॉफी करत होता. त्याची आई, अनुसूयाबाई, मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. अजिंक्यने मान वळवून त्याला पाहिलं, हाताने बस म्हणून खुणावलं आणि पुन्हा ओट्याकडे वळला. दूध वर येत होतं.

"अजू, चुकलं माझं," गुरुराज म्हणाला. "तुला काढलं आणि बँडचा कणाच मोडला. हर्षच्याने होत नाही. तू परत ये. हवं तर पाठ करून गा, मी चकार शब्द काढणार नाही."

अजिंक्य पाठमोराच राहिला. दूध उतरवलं, कॉफी या पेल्यातून त्या पेल्यात ओतली. गुरुराज त्याच्या पाठीकडे बघत थांबला. कॉलेजपासूनचा मित्र, आणि आता एक शब्दसुद्धा नाही. त्याला फार लागलं. आपण याच लायकीचे, असं मनाशी म्हणत तो उठला आणि मागच्या दाराशी येऊन चपला घालू लागला.

अनुसूयाबाई रिकामी बादली घेऊन आत येत होत्या. त्यांनी त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"कुठे चाललास रे? तो मघापासून 'उद्यापासूनच येतो' म्हणून सांगतोय की! मला तिकडे अंगणात ऐकू आलं, आणि तू तर त्याच्या पाठीशीच होतास!"