भरदुपारचा राजा

वैजयंतीने लिहिलेलं राजाच्या गोष्टींचं पहिलंवहिलं पुस्तक छापून करमाळ्याच्या घरी आलं आणि आरोही ते घेऊन तिच्या मांडीतच येऊन बसली. रात्री वाचू म्हणावं, तर रात्री लेकीआधी आईलाच झोप लागायची. म्हणून वैजयंतीने भरदुपारीच पहिलं पान उघडलं.

"एक होता राजा..."

"अगं, मिट ते!" सासूबाई, सोजरबाई, स्वयंपाकघरातनं ओरडल्या. "दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. तुझा भाऊ निघालाय न्हवं जेऊरहून?"

"आई, मी वाचतेय. सांगते कुठं?"

"राजा आला की गोष्टच ती!"

आरोहीचं तोंड एवढंसं झालं. तिला राजाही हवा होता आणि मामाही. मग तिने आईचा फोन उचलला. "मामा, आहेस तिथंच गाडी थांबव. हलायचं नाही हं. तू चाललाच नाहीस तर चुकशील कसा?"

अजिंक्यमामाने लिंबाखाली गाडी लावली. "थांबलो बाई. पण फोन चालू ठेव, मला बी ऐकू दे."

वैजयंती वाचत गेली. इकडून आरोही हुंकार भरत होती, फोनमधून मामा. पहिली गोष्ट संपली आणि दुसरीत राजाची राणी रुसून बसली.

"झालं का, आक्का? निघू आता?" मामाने विचारलं.

पिठाच्या हातानेच सोजरबाईंनी फोन ओढून घेतला. "थांब की जरा! राणी अजून रुसलेलीच हाय."