दुपारची पेटी

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची तक्रार रास्त होती. रात्रपाळी करून त्या दुपारी झोपायच्या आणि नेमकी तेव्हाच वरच्या घरात पेटी वाजायची. सोसायटीचे सेक्रेटरी दाबके नोटीस घेऊन चौथ्या मजल्यावर गेले.

दार उघडंच होतं. म्हातारे करंदे पेटी वाजवत होते आणि समोर त्यांची बायको सावकाश वरणभात जेवत होती. दाबकेंना पाहून करंदे थांबले, तसा बायकोचा हातही ताटातच थांबला.

“सगळं विसरलीय. मलासुद्धा ओळखत नाही,” करंदे म्हणाले. “पेटी वाजली तरच जेवते. द्या, कुठे सही करू?”

दाबकेंनी नोटीस पुढे केली नाही. नर्सबाईंची झोपही काही खोटी नव्हती. दाबकेंचं स्वतःचं घर तळमजल्यावर होतं, त्याच्या वरचा फ्लॅट कुलूपबंद होता, आणि तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घरात ते एकटेच होते.

“सही राहू द्या,” ते म्हणाले. “उद्यापासून दुपारी माझ्याकडे या. पेटी घेऊन.”

दुसऱ्या दिवशी करंदे पेटी, डबा आणि बायकोला घेऊन लिफ्टने खाली आले. सूर लागले, बाई जेवू लागल्या. दाबके दाराशी उभे राहून बघत होते. बाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

“अहो, उभे काय असे? बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही.”

तीन वर्षांत या घरात दाबकेंना कुणी जेवायचा आग्रह केला नव्हता. ते ताट घेऊन आले आणि बाईंच्या शेजारी बसले.