झूम नसलेली लेन्स

“काकू फार हलतात का?” दुकानदाराने विचारलं.

“हलत नाही. टिकत नाही,” ड्रॉइंग मास्तर म्हणाले.

दुकानदाराने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो पुन्हा पाहिले. खिडकी, वेताची खुर्ची आणि खुर्चीत काहीतरी धुरकट. बत्तीस फोटो, बत्तीसही तसेच.

“तिन्हीसांजेचे दिसतात. फ्लॅश मारायचा की.”

“फ्लॅश मारला की ती उठून जाते.”

“आमच्याही घरी तोच प्रकार. मग उजेड जास्त घेणारी लेन्स हवी. ही पन्नास एमएमची बघा. अंग प्लॅस्टिकचं, पण डोळा तेज. स्वस्तातही आहे. फक्त झूम नाही हं, काका. जवळ-लांब तुमचं तुम्हीच व्हायचं.”

“चाळीस वर्षं तेच केलं.”

“काकूंनाच घेऊन या ना. इथेच लावून बघू.”

“हल्ली ती घराबाहेर पडत नाही.”

दुकानदाराने तीन वर्षांची जादा वॉरंटी सुचवली. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. “त्या फंदात पडू नका म्हणून बजावलंय तिने.”

तिने आणखीही बरंच बजावलं होतं. लेन्स आजच आणा. जाताना दाढी करा. निळा सदरा घाला, तो तुम्हाला खुलून दिसतो. एवढं कौतुक लग्नातही झालं नव्हतं, त्यामुळे मास्तर निमूट दाढी करून, निळा सदरा घालून आले होते.

घरी आल्यावर त्यांनी सवयीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहणं टाळलं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. गेली त्या दिवशी घर पालथं घातलं, तरी तिचा एकटीचा धड फोटो सापडला नाही. जन्मभर पोरांना चेहरे काढायला शिकवणाऱ्याच्या घरात! शेवटी लेकीने रडता रडता कुठल्याशा लग्नातला घोळका कापून आईला वेगळं काढलं. पण आईच्या खांद्यावरचा नणंदेचा हात काही निघेना. जिच्याशी उभ्या जन्मात पटलं नाही, तिचा हात आता कायमचा खांद्यावर.

चौथ्याच दिवशी ती संध्याकाळी खुर्चीत येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, “तो हात.”

मास्तर भ्याले नाहीत, ओशाळले. तिचा एक तरी नीट फोटो काढून तिथे लावल्याशिवाय आता त्यांना घास गोड लागत नव्हता.

उन्हं कलली. मास्तरांनी नवी लेन्स चढवली, कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, खुर्चीच्या पाठीवर फोकस धरला. हात थरथरायचे म्हणून टायमर लावला. खिडकीचा पडदा हलला, तसं त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकू लागला.

खुर्ची रिकामीच होती.

“इकडे,” त्यांच्या मानेमागून आवाज आला.

“अगं, इथे काय करतेस? तिकडे बस. तुझा फोटो…”

“माझं मेलीचं काय! त्या हाताची झाली आता सवय. तुम्ही बसा.”

चाळीस वर्षांच्या वळणाने मास्तर जाऊन बसले. दिवा भराभर लुकलुकायला लागला.

“मान ताठ,” ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. “उद्या सकाळी लेकीला शोधाशोध नको.”